सोलरच्या कोटेशनमधले शब्द आणि त्यांच्यामागच्या अटी

गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं की दोन-तीन व्हेंडरकडून कोटेशन येतात. तिन्हींवर ‘३ किलोवॉट’ असंच लिहिलेलं असतं, पण किमतीत तीस-चाळीस हजारांचा फरक निघतो. दर वेळी कुणी फसवतच असतं असं नाही. कोटेशनमधल्या प्रत्येक आकड्यामागे एक अट असते आणि ती अट कागदावर छापलेली नसते. म्हणून कुठलाही आकडा दिसला की विचारायचं: हा कोणत्या परिस्थितीत मोजला, किती काळासाठी, आणि यात काय धरलेलं नाही?

सगळ्यात जास्त घोळ किलोवॉट आणि युनिट यांच्यात होतो. किलोवॉट म्हणजे त्या क्षणाची ताकद. युनिट, म्हणजे किलोवॉट-तास, ही तेवढ्या वेळात वापरलेली किंवा तयार झालेली वीज. २ किलोवॉटचा गीझर पंधरा मिनिटं चालला तर अर्धं युनिट लागतं. १० वॉटचा एलईडी बल्ब तेच अर्धं युनिट ५० तासांत संपवतो. त्यामुळे ‘३ किलोवॉटची सिस्टीम महिन्याला ३ किलोवॉट वीज देते’ असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडून पुढचं काही ऐकण्यात अर्थ नाही.

पॅनलवर लिहिलेल्या ५४० वॉटपुढे बारीक अक्षरात ‘पी’ असतो, म्हणजे वॉट-पीक. हा आकडा प्रयोगशाळेतला आहे: दर चौरस मीटरला १,००० वॉट प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश. आपल्याकडे ऊन तेवढं मिळतं, २५ अंश मिळत नाहीत. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे दुपारी पॅनलचं स्वतःचं तापमान ६५ अंशांपर्यंत सहज जातं. डेटाशीटमध्ये ‘टेम्परेचर कोइफिशंट’ नावाची ओळ शोधा. २५ च्या वर प्रत्येक अंशाला ताकद किती घटते ते ती सांगते. मोनो पर्क पॅनलला ती साधारण उणे ०.३५ टक्के प्रति अंश असते, टॉपकॉनला उणे ०.३० च्या आसपास (पर्क आणि टॉपकॉन हे सेलचे दोन प्रकार). ४० अंश जास्त म्हणजे पर्कचे १४ टक्के गेले, टॉपकॉनचे १२. ५४० चं पॅनल भर उन्हात ४६० वॉटच देतंय म्हणून तक्रार करायला जाऊ नका, ते नीट चाललंय. पॅनल गच्चीच्या स्लॅबला चिकटवून बसवलं आणि खालून वारा खेळायला जागाच ठेवली नाही, तर मात्र आणखी काही टक्के उगाच जातात.

सगळी गळती वजा जाता कागदावरच्या ताकदीतलं किती हाती उरतं, तो आकडा म्हणजे ‘परफॉर्मन्स रेशो’. त्यात उष्णता, धूळ, वायरमधली घट आणि इन्व्हर्टरची (पॅनलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणाऱ्या यंत्राची) घट सगळं आलं. चांगल्या घरगुती सिस्टीमचा तो ७५ ते ८० टक्के असतो. महाराष्ट्रात वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला सुमारे सव्वापाच ‘पीक सन अवर्स’ मिळतात, म्हणजे दिवसभराचं कमी-जास्त ऊन एकत्र केलं तर पूर्ण तीव्रतेचं सव्वापाच तास. ३ गुणिले ५.२५ गुणिले ०.७७, म्हणजे दिवसाला सुमारे १२ युनिट. वर्षाला चार हजार दोनशे ते चार हजार चारशे. ही सरासरी आहे. एप्रिलमध्ये १४-१५ युनिटचे दिवस येतात आणि जुलैत कोकणात किंवा घाटमाथ्यावर तीन-चार युनिटचेही. कुणी ‘रोज १५ युनिट गॅरंटी’ लिहून देत असेल तर ती गॅरंटी वर्षाच्या बेरजेत मागा आणि कमी पडल्यास काय, तेही लिहून घ्या. मोठ्या प्रकल्पांच्या कागदावर हेच ‘सीयूएफ’ म्हणून येतं: चोवीस तास पूर्ण ताकदीने चालली असती तर किती, आणि प्रत्यक्षात किती. दिवसाला किलोवॉटमागे ४ युनिट म्हणजे सीयूएफ १६.७ टक्के. आकडा छोटा दिसतो म्हणून सोलर निकामी, असं काही नसतं. रात्र त्यात धरलेली आहे.

आता ‘३ किलोवॉट’ नक्की कशाचे? पॅनलचे (डीसी) की इन्व्हर्टरचे (एसी)? ५४० ची सहा पॅनल म्हणजे ३.२४ किलोवॉट-पीक, आणि खाली ३ किलोवॉटचा इन्व्हर्टर. हे चांगलंच आहे, कारण पॅनल क्वचितच पूर्ण ताकदीने चालतात. पॅनल इन्व्हर्टरपेक्षा दहा-वीस टक्के जास्त असणं ही रूढ पद्धत आहे. उलटं केलं, म्हणजे ५ किलोवॉटच्या इन्व्हर्टरवर ३ किलोवॉटचीच पॅनल लावली, तर ‘पुढे वाढवता येईल’ एवढंच समाधान. पीएम सूर्यघर योजनेत अनुदान पॅनल आणि इन्व्हर्टर यांच्यापैकी जी क्षमता कमी तिच्यावर मिळतं, हे लक्षात ठेवा. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, आणि तिथून पुढे कितीही मोठी सिस्टीम बसवली तरी ७८,००० वर थांबतं. गृहनिर्माण सोसायटीच्या सामाईक वापरासाठी (लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, गाड्यांचं चार्जिंग) किलोवॉटला १८,००० रुपये, तेही फ्लॅटमागे ३ किलोवॉट या हिशेबाने आणि जास्तीत जास्त ५०० किलोवॉटपर्यंत.

अनुदान हवं असेल तर पॅनल ‘डीसीआर’ हवीत. इथे दोन शब्दांची सर्रास सरमिसळ होते. ‘एएलएमएम’ ही सरकारने मान्य केलेल्या पॅनल-मॉडेलांची यादी आहे. ‘डीसीआर’ म्हणजे पॅनल भारतात जोडलेलं आणि आतले सेलही भारतातच बनलेले. पॅनल एएलएमएमच्या यादीत असलं म्हणून ते डीसीआर ठरत नाही. किमतीतला तो तीस-चाळीस हजारांचा फरक बऱ्याचदा इथूनच येतो: एकाने डीसीआर धरलेलं असतं, दुसऱ्याने नाही. त्यामुळे कोटेशनवर ‘डीसीआर’ हा शब्द आणि पॅनलचं पूर्ण मॉडेल नाव असलंच पाहिजे, आणि माल आल्यावर प्रत्येक पॅनलचा सिरीयल नंबर बिलाशी ताडून बघायचा.

सावलीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पैसे सगळ्यात जास्त इथे वाया जातात आणि कोटेशनमध्ये त्याचा उल्लेखही नसतो. व्हेंडर लिहितात: ‘किलोवॉटमागे १०० चौरस फूट सावलीमुक्त जागा’. सावलीमुक्त, पण कधी? एप्रिलच्या दुपारी साइट बघायला आलेल्या माणसाला डिसेंबरची सावली दिसत नाही. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला भर माध्यान्हीही तिथे सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो. पॅनलच्या पातळीपेक्षा दीड मीटर उंच असलेल्या पाण्याच्या टाकीची सावली माध्यान्हीला १.३५ मीटर पडते, आणि माध्यान्हीच्या तीन तास आधी किंवा नंतर ती २.७ मीटरपर्यंत लांबते. टाकी आग्नेयेला किंवा नैर्ऋत्येला असेल तर तेवढं अंतर सोडायलाच हवं. थेट उत्तरेला असेल तर फारशी चिंता नाही.

‘एवढीशी सावली, तिने काय होणार’ हा विचार सोलरमध्ये चालत नाही. पॅनलमधले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात. त्यांतला एक अंधारात गेला की सगळ्या रांगेचा प्रवाह अडतो. म्हणून पॅनलमागच्या जंक्शन बॉक्समध्ये बहुधा तीन ‘बायपास डायोड’ असतात. सावली पडलेला एक-तृतीयांश भाग ते वळसा घालून वगळतात. म्हणजे डिश अँटेनाच्या दांड्याची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी पॅनलचा तिसरा हिस्सा जाऊ शकतो. ‘हाफ-कट’ पॅनलमध्ये वरचा आणि खालचा अर्धा भाग वेगळा चालतो, त्यामुळे कठड्याची सावली फक्त खालच्या अर्ध्या भागावर असेल तर वरचा अर्धा बराचसा वाचतो. पॅनल उभं बसवायचं की आडवं, हे ठरवताना सावली कुठून येते ते बघा. ब्रॅकेट कसा सोयीचा पडतो यावर हा निर्णय सोपवू नका. सावली टाळताच येत नसेल तर प्रत्येक पॅनलला स्वतंत्रपणे चालवणारा मायक्रो-इन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर हा उपाय आहे. गच्ची मोकळी असताना त्यावर खर्च करायचं काही कारण नाही.

‘एमपीपीटी’ आणि ‘स्ट्रिंग’ हे शब्दही इथलेच. एका ओळीत जोडलेली पॅनल म्हणजे स्ट्रिंग. एमपीपीटी हा इन्व्हर्टरचा भाग त्या स्ट्रिंगमधून जास्तीत जास्त ताकद मिळेल असा व्होल्टेज शोधत राहतो. चार पॅनल दक्षिणेला आणि दोन पश्चिमेला अशी एकाच स्ट्रिंगमध्ये ओवली तर सगळी त्या मंद दोघांच्या चालीने चालतात. दोन दिशा असतील तर दोन एमपीपीटीचा इन्व्हर्टर घ्या. काम झाल्यावर स्ट्रिंगचा व्होल्टेज आपल्यासमोर मोजायला सांगा: ५४० च्या पॅनलचा ओपन सर्किट व्होल्टेज (इन्व्हर्टरला न जोडता मोजलेला) साधारण ४९.५ असतो, म्हणजे सहा पॅनलना २९७ च्या आसपास. पॅनल तापलेली असतील तर थोडा कमी येईल. तिथे २४५ आले तर एक पॅनल स्ट्रिंगमध्ये जोडलेलंच नसण्याची शक्यता आहे.

लाइट गेली की सोलरही बंद का पडतं, हा प्रश्न बसवल्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात येतो. ‘ऑन-ग्रिड’ इन्व्हर्टर ग्रिडचा, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनचा, व्होल्टेज बघूनच चालतो, आणि ग्रिड गेली की बंद पडणं त्याला बंधनकारक आहे. याला ‘अँटी-आयलँडिंग’ म्हणतात. नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसेल. लाइट गेल्यावरही वीज हवी असेल तर ‘हायब्रिड’ इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि मग बॅटरीचे शब्द आले. १५० एएच (अँपिअर-तास), १२ व्होल्ट म्हणजे कागदावर १.८ युनिट. पण लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली रिकामी करत गेलात तर ती लवकर मरते, म्हणून तिची ‘डेप्थ ऑफ डिस्चार्ज’ ५० टक्के धरायची. दोन बॅटऱ्यांतून हाती येतं १.८ युनिट, इन्व्हर्टरची घट वजा जाता दीड. कमी विजेचे (३० वॉटचे) चार पंखे, काही दिवे, फ्रिज आणि वायफाय यांना सहा तास. एसीचं नाव काढू नका. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० ते ९० टक्के वापरता येते, म्हणून एएच सारखे असले तरी दोन्हींची तुलना होत नाही. शिवाय साध्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर ‘सी२०’ आणि सोलरच्या बॅटरीवर ‘सी१०’ लिहिलेलं असतं, म्हणजे ती क्षमता वीस तासांत रिकामी करून मोजली की दहा. सी२० वर १५० असलेली बॅटरी सी१० वर मोजली तर कमीच भरते. शहरात दिवसाला अर्धा तास लाइट जात असेल तर बॅटरीचा खर्च फिटत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तालुक्याच्या गावी चार-चार तास जात असेल तर गोष्ट वेगळी.

बिलाकडे वळू. ‘नेट मीटर’ दोन आकडे ठेवतो: ग्रिडमधून घेतलेली युनिट (इंपोर्ट) आणि ग्रिडला दिलेली (एक्स्पोर्ट). सोलरने किती बनवली ते तो सांगत नाही. ते इन्व्हर्टरचं अॅप किंवा जनरेशन मीटर सांगतो. यावरून दर महिन्याला भांडणं होतात. समजा अॅप म्हणतं ३६० युनिट आणि बिलावर एक्स्पोर्ट फक्त २५०. मधली ११० चोरीला गेली नाहीत; ती दिवसा बनताबनताच घरात वापरली गेली. इंपोर्ट १९० असेल तर घराचा एकूण वापर ११० अधिक १९०, म्हणजे ३००. एक्स्पोर्ट २५० वजा इंपोर्ट १९०, उरले ६०. ते पुढच्या महिन्यात जमा होतात. वीज आकार शून्यावर आला तरी स्थिर आकार सुटत नाही, त्यामुळे ‘शून्य बिल’ ही जाहिरातीची भाषा समजा.

महाराष्ट्रात या जमा युनिटांचा हिशेब ३१ मार्चला मिटतो आणि उरलेल्या युनिटांचे पैसे ग्राहक दरापेक्षा बऱ्याच कमी दराने मिळतात. याचा अर्थ नीट बघा. नोव्हेंबर ते मार्च थंडीत वापर कमी, ऊन लख्ख, म्हणून युनिट साठत जातात, आणि ज्या मे महिन्यात एसीला ती लागणार त्याच्या महिनाभर आधी खातं मोकळं होतं. म्हणून उन्हाळ्याच्या सगळ्यात मोठ्या बिलावरून सिस्टीमचा आकार ठरवू नये. बारा महिन्यांच्या युनिटांची बेरीज करा, १,४०० ने भागा. जो आकडा येईल तेवढे किलोवॉट पुरेत. सोलरची क्षमता ‘मंजूर भारा’शीही, म्हणजे वीज कंपनीने तुमच्या जोडणीला मंजूर केलेल्या किलोवॉटशीही, बांधलेली असते. तो आकडा बिलावर छापलेलाच असतो. १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जांना २०२४ च्या केंद्रीय नियमांनुसार तांत्रिक तपासणीची अट नाही आणि लागेल तेवढा मंजूर भार वीज कंपनीनेच वाढवून द्यायचा असतो. भार वाढला की स्थिर आकारावर परिणाम होतो का, ते मात्र आधी विचारून घ्या.

एक बिघाड असा आहे की त्यात काहीच मोडलेलं नसतं. अॅपमधली रोजची रेघ टेकडीसारखी गोल दिसायला हवी. पण दुपारी अकरा ते दोनमध्ये ती करवतीच्या दात्यांसारखी तुटलेली दिसते. इन्व्हर्टर ‘ग्रिड ओव्हर-व्होल्टेज’ म्हणून पुन्हापुन्हा बंद होतोय. एकाच ट्रान्सफॉर्मरवर बरीच घरं वीज परत पाठवत असली आणि दुपारी वापर कमी असला की लाइनचा व्होल्टेज चढतो. साधारण २५३ व्होल्टच्या आसपास इन्व्हर्टर बंद पडतो. लगेच वीज कंपनीला दोष देण्याआधी मीटरपाशी आणि इन्व्हर्टरपाशी एकाच वेळी व्होल्टेज मोजा. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंत ३० मीटर अडीच एमएमची तांब्याची वायर ओढली असेल तर १३ अँपिअरला तिच्यावरच सहाएक व्होल्ट वाढतात. सहा एमएमची वायर टाकली की ते अडीचवर येतात, आणि बऱ्याच घरी तेवढ्याने काम भागतं. मीटरपाशीच २५० दिसत असेल तर मग अर्ज करा, ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलणं (म्हणजे लाइनचा व्होल्टेज खाली आणणं) त्यांचं काम आहे.

स्ट्रक्चर आणि अर्थिंगचं थोडक्यात: कोटेशनवर ‘जीआय स्ट्रक्चर’ एवढंच पुरेसं नाही, ‘हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, ८० मायक्रॉन’ लिहून घ्या. किनाऱ्यालगत, म्हणजे रत्नागिरी, मालवण, गोव्यात, पातळ मुलाम्याचं लोखंड खाऱ्या हवेत फार लवकर गंजतं, आणि जागेवर कापून वेल्डिंग केलेले सांधे आधी जातात. अर्थिंग तीन वेगळी: तडितरोधक (आकाशातल्या विजेसाठी), डीसी, एसी. खड्डा एकच करून तिन्ही वायरी त्यात सोडणं ही नेहमीची चलाखी. अर्थ टेस्टरवर ५ ओहमच्या आत रीडिंग दाखवा म्हणावं.

‘पेबॅक’, म्हणजे घातलेले पैसे किती वर्षांत वसूल होतात ते, काढताना सगळे सरासरी दर धरतात आणि तिथे चुकतात. महावितरणचे घरगुती टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. वरच्या टप्प्याचा दर चढा. सोलर आधी सगळ्यात महाग युनिट वाचवतं, स्वस्त शेवटी. महिन्याला ३०० युनिट लागणाऱ्या घरात २ किलोवॉट २३५-२४० युनिट देऊन महागाचा सगळा टप्पा उडवतं. तिसरा किलोवॉट फक्त स्वस्तातली साठ युनिट वाचवतो आणि बाकीची ३१ मार्चसाठी साठवतो, वर त्याचं अनुदानही १८,००० च. लहान सिस्टीमला इन्व्हर्टर आणि मजुरी किलोवॉटमागे थोडी महाग पडते हे खरं, तरी अशा घराला मी दोनच सांगेन. आणि त्याही आधी पंखे. ७५ वॉटचे चार जुने पंखे काढून ३० वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) लावले, रोज बारा तास चालले, तर महिन्याला ६५ युनिट वाचतात. अर्ध्या किलोवॉटच्या सोलरइतकं हे काम गच्चीवर न चढता होतं.

शेवटी कोटेशनच्या मागच्या पानावरचा हिरवा भाग. ‘वर्षाला इतकी झाडं लावल्यासारखं’ हा आकडा प्रत्येक जण आपापल्या झाडाच्या हिशेबाने काढतो, तो सोडून द्या. खरा हिशेब सोपा आहे: देशाच्या ग्रिडमधलं एक युनिट बनताना सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्याचं नाव ‘एमिशन फॅक्टर’, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरण तो प्रसिद्ध करतं. ४,२०० युनिट म्हणजे वर्षाला तीन टनांना थोडं कमी. पॅनल बनवताना खर्च झालेली ऊर्जा साधारण एक-दोन वर्षांत भरून निघते.

सोसायटीने ‘कार्बन फूटप्रिंट’ काढायचं ठरवलं तर ‘स्कोप’ हा शब्द येईल, म्हणजे उत्सर्जनाचे तीन गट. जनरेटरचं डिझेल स्कोप १, कारण धूर आपल्याच आवारात निघाला. लिफ्ट-पंपाची विकत घेतलेली वीज स्कोप २. पाण्याचे टँकर, उचलून नेलेला कचरा, दुरुस्तीचं सिमेंट हे स्कोप ३. सोलर फक्त दुसऱ्याला हात घालतं. ते लावून सोसायटी ‘कार्बन न्यूट्रल’ झाली, असा फलक लागलेला दिसला तर टँकर कुठे मोजले ते विचारा. ‘तुमच्या गच्चीच्या विजेची आरईसी विकून वरकड कमाई’ असंही कुणी सुचवतं. आरईसी म्हणजे अपारंपरिक वीज बनवल्याचं विकता येणारं प्रमाणपत्र, आणि एक आरईसी म्हणजे १,००० युनिट. पण नेट मीटरवरच्या घरगुती ग्राहकाची सोलर वीज महाराष्ट्रात वीज कंपनीच्या अपारंपरिक ऊर्जेच्या सक्तीच्या कोट्यात धरली जाते. तीच पुन्हा विकता येत नाही.

वॉरंटीच्या दोन ओळी वेगवेगळ्या वाचा. ‘प्रॉडक्ट वॉरंटी’ १० ते १२ वर्षं असते, ती काच, फ्रेम, जंक्शन बॉक्ससाठी. ‘परफॉर्मन्स वॉरंटी’ २५ वर्षांची: पहिल्या वर्षी २ टक्के आणि नंतर दर वर्षी ०.५५ टक्के घट म्हणजे शेवटी सुमारे ८५ टक्के उरायला हवेत. ते सिद्ध करायचं तर पॅनल काढून प्रयोगशाळेत न्यावं लागतं, म्हणून घरगुती ग्राहकासाठी पहिली वॉरंटी जास्त मोलाची. इन्व्हर्टरची वेगळी, आणि योजनेतून बसवलं तर व्हेंडरवर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते. पंचवीस वर्षांनी पॅनल भंगारवाल्याला देता येणार नाहीत: २०२२ च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनलही आली आहेत आणि ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. त्यासाठी बिल आणि सिरीयल नंबरांची यादी वीजबिलांच्या फायलीत न ठेवता घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा.